बुधवारचं स्टूल

राजारामपुरी, कोल्हापूर
४ नोव्हेंबर १९९९

आत्ती,
सविनय जयभीम.

तुझ्या तीन पत्रांना हे एकच उत्तर, म्हणजे तुला एकदाच काय ते रागावून घेता येईल. कारण सांगते. गेल्या महिन्यापासून मी आमच्या दवाखान्याची इनचार्ज सिस्टर झाले. वीस खाटा, सहा सिस्टर, चार आया आणि त्या सगळ्यांच्या वर तुझी भाची. तू आयुष्यभर सरकारी नर्सबाई म्हणून वाड्यावस्त्या तुडवल्यास, त्यामुळं ही बातमी पहिली तुलाच कळायला हवी होती. पण आनंदात पंधरा दिवस गेले आणि लाजेत पंधरा.

इनचार्ज झाल्याझाल्या मी दर बुधवारी दुपारी तीन ते चार सगळ्यांचा वर्ग सुरू केला. पहिल्या बुधवारी एकच धडा घेतला. औषध देताना खाटेचा नंबर बघायचा नाही, माणसाला नाव विचारायचं. आमच्याकडचे पेशंट एसटीत जागा बदलाव्यात तशा खाटा बदलतात. कुणाला गाववाल्याशेजारी पडायचं असतं, कुणाला पंखा सोसत नाही. "पावणं, तुमी हिकडं या, मी तिकडं जातो," एवढं म्हटलं की झालं.

दुसरा नियम असा की ज्याच्या हातून चूक होईल त्यानं बुधवारी आपणहून पुढच्या स्टुलावर बसून ती सांगायची. त्याला कुणी रागवायचं नाही, शिक्षा करायची नाही. चूक कशी झाली आणि पुन्हा कशी टळेल, एवढंच बोलायचं. चार बुधवार झाले, स्टूल रिकामंच आहे. एकदा झुंबरबाई बसल्या, तर मला केवढा आनंद झाला. पण त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून बसल्या होत्या. झुंबरबाई म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या आया. "ह्या वयात शिकवून मला काय कलेक्टर करायलाय व्हय?" म्हणतात आणि माझ्याकडं पाठ करून गॉजच्या घड्या घालत बसतात.

डॉक्टर अरिहंत मात्र भला माणूस. वडिलांच्या मागं दवाखाना तेच बघतात. वर्गाला खोली दिली, चहा-बिस्किटं पाठवतात. स्वतः येत नाहीत. "सिस्टर, माझं शिकून झालंय," म्हणतात.

परवा गडमुडशिंगीहून निशाताई आली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पोराचं बारसं झालं, जावळ झालं, पण आत्ती एकदाही थोरल्या भाचीच्या दारात आली नाही, म्हणून नाक ओढत होती. तिला काय सांगू?

तुझी,
संघप्रिया

---

गारगोटी
९ नोव्हेंबर १९९९

संघे, इनचार्जबाई,
जयभीम.

मी बोलते तसंच लिहिणार, शुद्धबिद्ध तू करून घे. पत्र वाचलं आन् सगळ्या गल्लीत साखर वाटून आले. फोन का करत न्हाईस म्हणून इचारू नगंस. हितला बूथवाला काचंला कान लावून बसतोय. माझ्या गुडघ्याचं औषध त्यानं सगळ्या बाजारपेठंत सांगितलंय.

वर्ग चांगला काढलास. आमच्या वेळंला एकदा शिकलं की मरंस्तोवर तेच. मी दहा वर्षं एका औषधाचा डोस जुन्या हिशेबानं देत हुते. बदललाय म्हणून कुणी सांगितलंच न्हाय. पण एक इचारते. डॉक्टर वर्गात बसत न्हाय, मग बाकीच्यास्नी काय वाटत आसंल? ज्याला बसायचं न्हाय तो मोठा आन् ज्याला बसवलंय तो चुकणारा. असल्या वर्गात तुझं स्टूल रिकामंच ऱ्हाणार. नुसत्या बिस्किटावर कोण चूक कबूल करतंय व्हय.

झुंबरबाईला बडबडू दे. माणूस पाठ करून बसलं तरी त्याचं कान आपल्याकडंच आसतात.

निशाला सांग, आत्तीला गाडी लागते.

आक्काताई

---

राजारामपुरी
२५ नोव्हेंबर १९९९

आत्ती,
सविनय जयभीम.

तुला आवडेल अशी बातमी आहे.

आमच्याकडं गडमुडशिंगीचे पिराजी म्हणून पेशंट होते. हर्नियाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. धडधाकट शेतकरी गडी, साखर नाही, बीपी नाही. मंगळवारी सकाळी नवाच्या सुमाराला अंगाला दरदरून घाम, हात गार, आणि झुंबरबाईंना "आई, बैलं सोडली का?" म्हणून विचारायला लागले. बाकीच्या पोरी नाडी धरून बसल्या. झुंबरबाईंनी मात्र एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "ह्येची साखर उतरलीया. मागच्या बुधवारी सांगितलं न्हाय का बाईनं?"

पुढचं ऐक. त्याच वॉर्डात अण्णासो म्हणून साखरेचे पेशंट आहेत, पायाच्या जखमेसाठी आलेले, घरचं गुऱ्हाळ. रोज सकाळी त्यांना इन्सुलिनची सुई असते, आणि त्यांच्या उशीखाली गुळाचा खडा असतो हे एकट्या झुंबरबाईंना माहीत. त्या सरळ गेल्या आणि म्हणाल्या, "काढा अण्णासो, लपिवल्याला गूळ काढा." गूळ पाण्यात कालवून पिराजींना पाजला. तोवर डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. अर्ध्या तासात पिराजी उठून भाकरी मागत होते.

डॉक्टर वर्गावर भलतेच खूश आहेत. पंधरा डिसेंबरच्या बुधवारी सगळ्यांसमोर माझा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा म्हणतात. त्याआधी ते दोन आठवडे परगावी आहेत.

पिराजींच्या बायकोनं, अंबूबाईंनी, सकाळी त्यांना खोकल्यावर तुळशीचा काढा आणून दिला होता. त्यानंच झालं असं डॉक्टरांचं म्हणणं. सगळ्या वॉर्डसमोर ते बाईंना बोलले. आता बाहेरचं खाणंपिणं बंद केलंय.

बाकी ठीक. घाईत आहे.

संघप्रिया

---

गारगोटी
२८ नोव्हेंबर १९९९

संघे,

पत्र पयल्यांदा वाचलं ते आत्ती म्हणून. गल्लीत पुन्ना साखर. त्या झुंबरबाईचा तर मी मुका घेतला आसता.

दुसऱ्यांदा वाचलं ते नर्सबाई म्हणून. आन् हातातला च्या थंड झाला.

तुळशीच्या काढ्यानं साखर उतरली आसती तर अर्ध्या तालुक्याच्या सुया बंद झाल्या आसत्या. तुला हे कळत न्हाय आसं न्हाय. पिराजीला साखरेचा आजार न्हाय म्हणून तूच लिवलंस. मग धडधाकट गड्याची साखर अशी धाडकन कशानं उतरली? आन् त्या सकाळी अण्णासोची सुई कुणी दिली? तुझं पत्र येरवी चार पानं आसतं. ह्ये दीड पानात आटपलं, आन् सत्काराचं लिवताना तुझं अक्षर किडमिडं झालंय.

ती अंबूबाई घरला जाऊन काय करत आसंल? नवऱ्याला आपणच मारत हुतो म्हणून ती आता चुलीम्होरं बसून रडत आसंल.

मला उत्तर पायजे.

आक्काताई

---

(पोस्टकार्ड)

गारगोटी, ५ डिसेंबर १९९९

संघे, आठ दिवस झालं. रागावली आसशील तर राग कळव. आजारी आसशील तर येते. आन् लग्नाबिग्नाचं काय ठरवलं आसशील तर त्ये बी सांग, मी काय खात न्हाय. पोस्टमन वाचतोय ह्ये, त्याला बी काळजी लागलीया.

आत्ती

---

राजारामपुरी
९ डिसेंबर १९९९

आत्ती,

पोस्टमनला सांग, लग्नबिग्न काही नाही.

सुई मी दिली. अण्णासोंना खिडकीतलं वारं सोसेना आणि पिराजींना बायको बसमधून उतरताना बघायची होती, म्हणून दोघांनी सोमवारी संध्याकाळी खाटा बदलल्या. मंगळवारी एक सिस्टर रजेवर होती. मी सात नंबरपाशी, अण्णासोंच्या आधीच्या खाटेपाशी, गेले, "बाही वर करा" म्हटलं आणि अण्णासोंचं इन्सुलिन पिराजींना दिलं. नाव विचारलं नाही. पहिल्याच बुधवारी घसा फोडून जे शिकवलं, तेवढंच केलं नाही.

पिराजींनी मुकाट बाही वर केली. सिस्टर म्हणाल्या म्हणजे बरोबरच असेल, असं त्यांना वाटलं. अण्णासो गप्प बसले, कारण आज सुई चुकली म्हणून त्यांना आनंद झाला होता. मला कळलं ते गुळाचा खडा चार नंबरच्या उशीखालून निघाला तेव्हा. त्याच वेळी डॉक्टर आले, मी फक्त "साखर उतरलीय" एवढंच म्हणाले. मग ते काढ्याबद्दल बोलले, अंबूबाईंना बोलले, आणि मी शेजारी उभी होते. पदर तोंडाला लावून त्या जिना उतरून गेल्या.

माणूस वाचला, हे मनाला रोज सांगते. पण सांगून होत नाही. आता पंधरा तारखेला त्याच खोलीत शाल घ्यायची आहे. खरं सांगितलं तर इनचार्जपण जाईल, कदाचित नोकरीही. वर्ग तर बंदच होईल. शिकवणारीच चुकली, मग कशाला शिकायचं, म्हणतील. आणि नाही सांगितलं तर त्या स्टुलावर दुसऱ्या कुणाला बस म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

काय करू? तूच सांग. तुझ्या हातून नोकरीत कधी काही चुकलं नाही.

संघप्रिया

---

गारगोटी
११ डिसेंबर १९९९

संघे,

ह्ये पत्र सकाळच्या येष्टीच्या कंडक्टरकडं देते, म्हंजे आजच्या आज पोचंल.

काय कर ते मी सांगणार न्हाय. मी काय केलं ते सांगते. आजवर कुणाला सांगितलं न्हाय, तुझ्या बाबाला सुदिक.

एकोणीसशे चौसष्ट साल. माझी पयली नेमणूक. पंचवीस वर्सांची हुते. एका बाळंतिणीला थंडी भरली म्हणून मी गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या पायाला लावली. फडकं गुंडाळायचं राहिलं. बाई गुंगीत हुती, तिला कळलं न्हाय. तिचं दोनी पाय भाजलं. मोठं डाक्टर आलं आन् पिशवी कुणी ठेवली म्हणून इचारलं. मी गप्प. आमची आया बाळाबाई तितंच उभी हुती. त्यास्नी वाटलं तिनंच ठेवली. तिला दुसऱ्या दिवशी कामावरनं काढलं.

मी का गप्प बसले सांगू? आपल्या वस्तीतली मी पयली नर्स. मी चुकले म्हणलं आसतं तर कुणी "आक्काताई चुकली" म्हणलं नसतं. "ह्यास्नी कुठं जमतंय" म्हणलं आसतं, आन् माझ्यामागनं येणाऱ्या पोरींचं दार बंद झालं आसतं. आसं मी मनाला सांगितलं. त्यात खरं बी हुतं. पण निम्मं भ्या हुतं, नुसतं भ्या, आन् त्याला मी मोठं कापड गुंडाळलं.

मी नंतर कवाच चुकले न्हाय आसं तुला वाटतंय. चुकले, चिक्कार चुकले. पण त्या दिवसापास्नं सांगायची सवयच गेली. आन् मी सांगत न्हाय म्हणून माझ्या हाताखालच्या पोरी बी सांगत नव्हत्या. त्यास्नी वाटायचं, बाई चुकतच न्हाईत. माझं निम्मं शिकायचं तितंच ऱ्हायलं.

बाळाबाई गडमुडशिंगीत ऱ्हाते. निशाच्या घरामागच्या गल्लीत. मला गाडी लागत न्हाय.

आत्ती

---

राजारामपुरी
१६ डिसेंबर १९९९

आत्ती,
सविनय जयभीम.

तुझं पत्र पर्समध्ये घालून वर्गात गेले. खोली भरलेली. डॉक्टर पहिल्यांदाच वर्गाला आलेले, हातात शाल, टेबलावर नारळ. ते बोलायला उठले, त्याआधी मी जाऊन स्टुलावर बसले. माझे गुडघे दुखतायत असंच त्यांना वाटलं असणार.

सगळं सांगितलं. खाटा, सुई, गूळ, अंबूबाई. डॉक्टरांचे कान लाल झाले. "सिस्टर, माणूस गेला असता," म्हणाले. मी हो म्हटलं. ते पुढं काही बोलणार, तेवढ्यात मागून झुंबरबाई उठल्या. "डॉक्टर, रागवायचं न्हाय. हितला नियमच हाय तसा. चूक कशी झाली आन् पुन्ना कशी टळंल, तेवढंच बोलायचं." आत्ती, बावीस वर्षांच्या नोकरीत त्या डॉक्टरांसमोर एवढ्या मोठ्यानं कधी बोलल्या नसतील. पाठ करून बसून बाईंनी सगळा नियम पाठ केला होता.

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग वळून मला म्हणाले, "उठा." मला वाटलं, गेली नोकरी. मी उठले, तर तेच स्टुलावर बसले. म्हणाले, "मी काढ्याचा वास सुद्धा घेतला नाही. त्या सकाळचा औषधाचा तक्ता बघितला असता तरी कळलं असतं. चौकशी न करता मी एका बाईला सगळ्या वॉर्डसमोर बोललो." एवढं बोलून उठायला लागले, तर झुंबरबाईंनी त्यांना पुन्हा बसवलं. "पुन्ना कसं टळंल त्ये ऱ्हायलं की."

तासभर बसलो आम्ही. त्यानंतर दोन सिस्टर आणि एक आया आपणहून स्टुलावर येऊन गेल्या. एकीनं तर अशी चूक सांगितली की तिचा मला आजवर पत्ताच नव्हता. कालपासून प्रत्येक पेशंटच्या मनगटाला नावाची पट्टी बांधतोय. आणि इनचार्जपण राहिलं, पण महिनाभर माझ्या प्रत्येक सुईला झुंबरबाई शेजारी उभ्या. मी सुई भरली की त्या आधी पेशंटला ओरडून विचारतात, "पावणं, नाव काय तुमचं?" मग माझ्याकडं बघून मान हलवतात. काल स्वतः डॉक्टरांनी एकाला सुई दिली, तेव्हाही त्या तिथं हजर. शाल त्यांनाच दिली. त्या ती पांघरूनच झाडतायत.

रविवारी मी आणि डॉक्टर गडमुडशिंगीला जातोय, पिराजी आणि अंबूबाईंना भेटायला. दुपारी निशाताईकडं जेवण आहे. तू येतेस का, असं मी विचारत नाही. नुसतं कळवतेय.

संघप्रिया

---

राजारामपुरी
२० डिसेंबर १९९९

आत्ती,

काल तू आलीस. निशाताईनं तुला दारात बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या पडला. एवढं मला दिसलं. पण जेवायच्या आधीच तू मागच्या गल्लीत गेलीस ती दोन तास आली नाहीस, आणि आलीस ती डोळे सुजवून. लगेच तीनची बस धरलीस. निशाताई आता हिरमुसलीय. आपल्या हातचं कालवण तिखट झालं म्हणून आत्ती रडत गेली, असं तिला वाटतंय.

आमचं सांगते. पिराजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "सिस्टर, मला वाटलं खिडकीजवळच्या माणसाला सुई फुकट आसती." अंबूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चुलीवर तोच काढा ठेवला आणि डॉक्टरांसमोर वाटी आणून ठेवली. डॉक्टर तो प्याले. बाईंनी दुसरी वाटी भरली, तीही प्याले. मग बाई म्हणाल्या, "आता सांगा, काय होतंय का?" डॉक्टर म्हणाले, "खोकला बरा वाटतोय." तेव्हा कुठं त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मागच्या गल्लीत काय झालं?

संघप्रिया

---

गारगोटी
२३ डिसेंबर १९९९

संघे,
जयभीम.

निशाला सांग, तिचं कालवण मी चाखलं सुदिक न्हाय, मग तिखट कुठनं लागंल? पुढच्या म्हयन्यात येऊन चार दिवस ऱ्हाते म्हणावं.

आता ऐक. बाळाबाई दारात शेंगा फोडत बसली हुती. डोळं अधू झाल्यात. मी म्होरं उभी ऱ्हायले तर म्हणाली, "कोण पावणं?" मी नाव सांगितलं. तिनं सूप बाजूला केलं आन् हातानं चाचपून मला शेजारी बसवलं. पयलं काय म्हणाली आसंल? "एवढी वर्सं कुठं हुतीस गं?"

मी सांगाय लागले. रडाय लागले म्हंजे सांगायचं ऱ्हायलंच. तर ती म्हणाली, "मला ठाव हाय की. पिशवी तू भरलीस ती मी दारातनं बघितली हुती."

पस्तीस वर्सं, संघे. तिनं बघितलं हुतं.

मी म्हणलं, मग तवाच बोलली का न्हाईस? तर म्हणाली, "माझी झाडलोटीची नोकरी, मला दुसरीकडं कुठं बी मिळाली आसती. मिळाली बी. पण तुझी गेली आसती तर आपल्यातल्या दुसऱ्या पोरीला कुणी पांढरी साडी नेसू दिली आसती व्हय? मी ठरवून गप्प बसले. तू नुसती भिऊन गप्प बसलीस." आसं म्हणून हसाय लागली. दात एक बी न्हाय, पण हसू तेच.

मी तिचं पाय धरलं. माफ कर म्हणलं. तर पाय वडून घेतलं आन् म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला ठावच हाय. ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी सांग." मग मी तिला तुझ्या बुधवारचं सांगितलं. झुंबरबाईचं सांगितलं, डॉक्टर स्टुलावर बसला ते सांगितलं. तिला वाटलं मी थापा मारालेय. "डाक्टर? स्टुलावर? आन् आया त्याला बस म्हणाली?" तीन येळा इचारलं. तिला ते सोताच्या कानानं ऐकायचं हाय म्हणती.

म्हणून एकोणतीस तारखंला, बुधवारी, आम्ही दोघी येतोय. मी गारगोटीवरनं, ती निशाच्या नवऱ्याच्या गाडीवर. सत्कारबित्कार काय नगो. मी स्टुलावर बसून चौसष्ट सालची चूक सांगणार. कशी झाली ते, आन् पुन्ना कशी टळंल ते बी. तिला पुढच्या रांगेत खुर्ची ठेव, पाठ टेकायची. आन् मी काय चुकीचं सांगितलं तर ती मधीच बोलणार हाय, तेवढी मोकळीक दे.

रिटायर होऊन दोन वर्सं झाली तरी वर्गात यायला चालतंय न्हवं? आन् स्टूल जरा हलवून बघ. माझं वजन वाढलंय.

तुझी,
आत्ती